आमच्या डाळमिलचा निकाल

लग्नानंतरच्या तीन वर्षांत माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीने घरातला मिक्सर, इस्त्री आणि शेजारणीचा कूलर एवढंच दुरुस्त केलं होतं. नांदेडला, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून मी लातूरच्या एका डाळमिलवाल्यांच्या घरात आले. मिल घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर, पण तिथे जायला मला सण लागायचा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे, तेवढ्यापुरतं आम्हा सुनांना आत घेत. ज्या मोटरीला मी हळदकुंकू लावायची, तिचं बेअरिंग वाजतंय हे मला ऐकू यायचं. पण पूजेत असं बोलायचं नसतं.

मग एका वर्षी मोठ्या शहरातल्या एका कंपनीची जाडजूड इंग्रजी फाईल आली. ही कंपनी आमची तूरडाळ घेऊन सुंदर पाकिटांतून विकायची. आता तिला आपले पुरवठादार किती ‘शाश्वत’ आहेत ते बघायचं होतं. पाणी, वीज आणि माणसं आपण कशी वापरतो, हे कशावरून कळेल ते निर्देशक आपणच निवडायचे, काही महिने मोजायचे, आणि मग त्यांचे साहेब येऊन तपासणार. मुखपृष्ठावर दोन तळहातांत धरलेलं एक रोपटं होतं. रोपटं असं धरून उभा असलेला माणूस मी लातुरात पाहिलाय, पण समोर कॅमेरा असतानाच.

सासऱ्यांना सगळं गाव अप्पा म्हणे. त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. मी संधी साधली.

“मी करते अप्पा. पण मिलमध्ये बसून करेन.”

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडायचा थांबवला. “दिवाळीनंतर साहेब येणार, तवर ये मिलमधी. पास झालो तर हापिसातली खिडकीजवळची खुर्ची तुझी, कायमची. नापास झालो तर परत मिलचं नाव काढायचं न्हाई.”

“मान्य.”

“खुर्ची हाय कुठं?” सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या. “तिच्यावर सुतळीची बंडलं बसतेत.”

फाईलमध्ये साठ-सत्तर निर्देशकांची यादी होती. त्यातले आपल्याला लागू पडतील ते घ्यायचे. मी एकेक वाचून दाखवत होते आणि अप्पा डोळे मिटून ऐकत होते. सागरी जीवसृष्टीवरचा परिणाम आला, तेव्हा मी तो वगळला. लातुरात नळाला पाणी आलं तर लोक एकमेकांना फोन करतात, इथे सागर कुठला?

अप्पांनी डोळे उघडले. “का काढलं? लिही की. आपण समुद्राला कधीच त्रास दिला न्हाई. शंभरपैकी शंभर.”

दोष त्यांचा नव्हता. तो काळच निकालांचा होता. चौकाचौकांत फ्लेक्स, फ्लेक्सवर मुलांचे चेहरे आणि चेहऱ्यांखाली मार्क. बाहेरगावची मुलं क्लासेससाठी ट्रंका घेऊन एसटीतून उतरत होती. भूकंपानंतर काही वर्षं वरच्या मजल्याचा विषय निघाला तरी आमच्या गल्लीतले लोक दचकायचे. त्याच लोकांनी आता या मुलांना भाड्याने द्यायला वर खोल्या बांधून त्यांत कॉट टाकल्या होत्या. अशा गावात कुठलीही गोष्ट मोजायची म्हटली की ती मोजून काय करायचं हे आधीच ठरलेलं असे: पहिला नंबर काढायचा.

समुद्र मी काढलाच. झाडं लावण्याचा निर्देशकही काढला, कारण झाडं लावणं सोपं आणि मोजणं त्याहून सोपं. जगली किती हे कुणी विचारत नाही. शेवटी तीन ठेवले: पोत्यामागे वीज, पोत्यामागे पाणी आणि अपघात. मी खूश होते. अप्पांनी मात्र परस्पर फ्लेक्स छापून आणला. मिलच्या दारात, महिन्याच्या महिन्याला, प्रत्येक खात्याचा नंबर, मुकादमाच्या फोटोसकट. वर अप्पांचा फोटो, फेटा बांधलेला.

पुढच्या दोन महिन्यांत चमत्कार झाला. पाणी निम्म्यावर आलं. अपघात शून्य. मी खुर्चीवरची सुतळीची बंडलं उचलून कपाटात ठेवली.

साहेब यायला आठवडा उरला असताना शेजारच्या मिलचे मालक हापिसात आले. अप्पांचे शाळासोबती, आणि तेव्हापासूनचे प्रतिस्पर्धी.

“अभिनंदन अप्पा. पाण्यात पहिले आलात म्हणं.”

“सूनबाईची मेहनत हाय.”

“सूनबाईची कशाला, माझ्या टाकीची म्हणा की. तुमचे हमाल पाणी प्यायला माझ्याकडं, हातपाय धुवायला माझ्याकडं. काल तर तुमचा वॉचमन आंघोळ करत होता. साबण तेवढा स्वतःचा आणला होता, खोटं कशाला बोलू.”

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी तशीच यंत्रखात्यात गेले, जिथले अपघात शून्य होते. मुकादमाच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं.

“हे काय?”

“घरी लागलं वहिनी.”

“घरी कशानं?”

“पट्ट्यानं.”

घरात मशिनीचा पट्टा कुठून येणार, हे त्याच्याही बोलून गेल्यावरच ध्यानात आलं. तो ओशाळून हसला. “नंबर जाईल ना वहिनी.”

त्या दिवशी जेवताना मी सगळं सांगितलं. अप्पा म्हणाले, “आकडे लई चांगले हायत. आठ दिवस गप बस. खुर्ची पाहिजे का न्हाई तुला?”

खुर्ची मला फार पाहिजे होती. पण मग त्या खुर्चीत बसून मी रोज काय करणार होते? वॉचमन आंघोळीला कुठे गेलाय याची चौकशी?

मी त्यांना भूकंपाची आठवण करून दिली. तेव्हा अप्पांनी निलंग्याकडच्या एका गावात डाळीचा ट्रक नेला होता. ही हकिकत घरात सगळ्यांना पाठ होती. गावाच्या तोंडाशी टेबल टाकून एक माणूस आलेले ट्रक मोजायचा. ट्रक भरपूर, म्हणजे गावाची सोय झाली. आत डाळीच्या राशी पडल्या होत्या आणि शिजवायला पातेलं नव्हतं. अप्पा उलट्या पावली लातूरला आले आणि नात्यातल्या घराघरांतून पातेली उचलून घेऊन गेले. सासूबाईंच्या लग्नातलं मोठं पितळी पातेलंही त्यांत गेलं, आणि ते न विचारता नेलं हे त्या आजही ऐकवतात.

“अप्पा,” मी म्हटलं, “आपण ट्रकच मोजतोय.”

त्यांनी ताटातला भात कालवला. मग म्हणाले, “मग पातेलं कोणतं, ते सांग.”

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. आमचा आणि शेजाऱ्यांचा बोअर वेगळा असला तरी खालचं पाणी एकच; तेव्हा दोन्ही मिलचं पाणी एकत्र मोजायचं आणि बोअरची पातळीही बघायची, असं मी ठरवलं. शेजारी विचारायला लागले, “म्हणजे मी पण तुमच्या क्लासला?”

“फी नाही काका.”

“फी न्हाई म्हंजे क्लास हलकाच असणार,” ते म्हणाले, आणि लगेच आपला मीटर दाखवायला घेऊन गेले.

अपघातांचं उलटं केलं. जो ‘थोडक्यात वाचलो’ असं काही सांगेल, त्याच्या खात्याला चारच्या चहाबरोबर भजी. त्यानंतर मिलमध्ये जे सुरू झालं त्याला कीर्तन म्हणावं की तमाशा, कळेना. घसरलेले, धडकलेले, पोत्याखाली येता येता राहिलेले, सगळे बोलू लागले. एका हमालाने तर स्वतःचं लग्न थोडक्यात कसं हुकलं होतं तेही सांगितलं. त्याला भजी मिळाली, नोंद मिळाली नाही. पण त्या ढिगाऱ्यातून एक गोष्ट खरी निघाली. रोलरच्या पट्ट्यावरचं लोखंडी झाकण कित्येक महिने जागेवर नव्हतं. ते मागच्या अंगणात सापडलं. त्यावर चहाचा स्टोव्ह मांडला होता. स्टोव्ह खाली आला आणि झाकण पट्ट्यावर गेलं.

साहेब म्हणजे माझ्याच वयाची एक मुलगी निघाली. अप्पांनी साहेबांच्या सत्कारासाठी मागवलेला फेटा घाईघाईने परत पाठवला. तिने कागद पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

“शेवटच्या आठवड्यात पाणी वाढलं. अपघातांच्या नोंदी तर शून्यावरून एकदम एवढ्या?”

अप्पा माझ्याकडे बघत होते. मी सगळं सांगितलं. फ्लेक्स, शेजाऱ्यांची टाकी, वॉचमनचा साबणसुद्धा. शेजारी कुंपणापलीकडून साक्ष द्यायला तयारच होते. ती आधी ऐकत राहिली, मग वही बाजूला ठेवून हसायला लागली.

“या महिन्यात जिथे जिथे गेले तिथे शून्य अपघात,” ती म्हणाली. “वाचून झोप यायला लागली होती. ते झाकण दाखवा बरं.”

झाकण, मीटर, बोअर सगळं तिने स्वतः पाहिलं. निघताना मंजुरीच्या कागदावर सही केली आणि म्हणाली, “दर तीन महिन्यांनी आकडे लागतील. फोन कुणाला करू?”

अप्पांनी घसा साफ केला. “हिला करा. मी फक्त मालक हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ओट्यावर दोन डबे ठेवले, सारख्याच आकाराचे. मी स्कूटरवर अप्पांच्या मागे बसले.  मिलच्या दारात स्कूटर लावताना ते म्हणाले, “खिडकीजवळ दुपारचं ऊन लई येतं. बदलायची असली तर आत्ताच सांग.”

“नको अप्पा,” मी म्हटलं. “पडदा लावते.”