काज-बटणाच्या शेजारी

खर्ड्यात मी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायचे. गिऱ्हाइकं होती, पण काम सतत अडायचं. अस्तराचा रंग जुळला नाही की एसटीने जामखेड. शर्टाची काजं करायची तरी जामखेड. शिवायला एक दुपार, त्यापायी फिरण्यात अख्खा दिवस. मशीन घरी झाकलेलं आणि मी एसटीत बसून चरफडत असायचे.

नवऱ्याला नगरच्या एमआयडीसीत काम लागलं, तेव्हा शहराच्या एका टोकाला, केडगावला खोली मिळाली. दोन घरं सोडून एक बाई काज-बटण करून द्यायच्या. समोरच अस्तराचं दुकान. पहिला गणवेश मी सकाळी बेतला आणि दिवेलागणीच्या आत इस्त्री करून दिला. हात तेच, मशीन तेच! माझं मलाच हसू आलं.

नवऱ्याचं मात्र उलटं झालं. एमआयडीसी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज सगळं नगर ओलांडून जायचं आणि यायचं. "कामापरीस रस्त्यानंच माणूस दमतंय," म्हणायचा. शेवटी आम्ही त्याच्या कंपनीजवळ राहायला गेलो.

तो दुपारी घरी जेवायला लागला. मी नुसती बसून. रस्त्याला ट्रक आणि कामावर जाणारे पुरुष. ब्लाउज टाकायला कोण येणार? कधीतरी एक शर्ट आला, तर काजांसाठी पुन्हा केडगाव गाठलं. बाई म्हणाल्या, "तुझी गिऱ्हाइकं मला विचारतात, कुठं गेली म्हणून. ये की परत!"

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "मला इथं करमत न्हाई. हात रिकामे राहिले की जीव घाबरा होतो."

"मंग मी परत रोज तेवढं लांब जायचं व्हय?"

"तुमी कशाला जाता? केडगावातबी कारखाने हायेत. विचारून तर बघा."

तो चिडला. मग दोन दिवसांनी आपणहून केडगावच्या एका कारखान्यात विचारून आला. पगार थोडा कमी, पण काम तसंच होतं. आम्ही परतलो. माझ्याकडे आता दोन मशीनं आहेत, दुसऱ्यावर शेजारची सून बसते.

तरी मन थाऱ्यावर नाही. बायपासकडे नव्या इमारती उठताहेत, माझ्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या बायका तिकडे राहायला चालल्यात. परवा मी तिकडे पायी चक्कर मारली. एका रिकाम्या गाळ्याचं भाडंही विचारलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.