सुरयांची बाळंतपणं

पाखरं बघणाऱ्या माणसांकडं पाखरांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पाखरू दोन मिनिटं दिसतं आणि उडून जातं. पण त्याच्या मागं फिरताना जे जे होतं, ते मात्र जन्मभर आपल्याच घरात बसून राहतं!

आमचं टोळकं तिघांचंच. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे वाघमारे सर, परभणीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे खालिदभाई आणि आरोग्य केंद्रातली नर्स, म्हणजे मी. तिघांनाही वेड एकाच पाखराचं, नदी सुरयाचं. करडी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच आणि कात्रीसारखी शेपटी. हा शहाणा घरटं बांधत नाही. ऐन उन्हाळ्यात नदीच्या उघड्या वाळूत खळगा करतो आणि त्यात अंडी घालतो. मग कुत्री येतात, म्हशी येतात, वाळूच्या गाड्या येतात. आता म्हणे मोठमोठे तज्ज्ञ त्याला संकटात सापडलेला पक्षी म्हणतात. तेव्हा कुणीच म्हणत नव्हतं. फक्त सर म्हणायचे, आणि आम्ही दोघं मान डोलवायचो.

*

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कुठं बंद, कुठं मोर्चा. अशाच एका बंदच्या दिवशी आम्ही सायकली घेऊन जिंतूर रोडला लागलो. खालिदभाईंच्या गळ्यात त्यांच्या वडिलांची निजामाच्या काळातली दुर्बीण. ती दिसल्यावर हवालदार कशाला सोडतोय!

"थांबा! दुर्बीण कशाला?"

सर अदबीनं म्हणाले, "आम्ही पक्ष्यांचं काम करतो."

"कोणत्या पक्षाचं?"

"तसं काही नाही. सगळ्याच पक्ष्यांचं!"

हवालदारानं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि चौकीकडं तोंड करून ओरडला, "सायबाला उठवा रे! सगळ्या पक्षांची माणसं एकाच टायमाला आलीत!"

*

माझी तर वेगळीच पंचाईत व्हायची. आसपासच्या खेड्यांत मी कुटुंब नियोजनवाली नर्सबाई म्हणून प्रसिद्ध. मी दिसले की ज्यांना चार-पाच पोरं, ती माणसं मागच्या दारानं शेतात पसार!

एकदा मी नदीच्या वाळूत वाकून वाकून अंडी मोजत होते. काठावर धुणं धुणाऱ्या बायका बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी एकीला राहवेना.

"नर्सबाई, काय करायलाव तिथं?"

"अंडी मोजतेय गं. ह्यांची पिल्लं किती होतात ते बघायचंय."

तिनं धुणं खाली ठेवलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अगं माय! आता पाखरांच्या बी मागं लागलाव का?"

मी म्हटलं, "नाही गं बाई. ह्यांना उलट सांगायला आलेय, जास्त होऊ द्या म्हणून!"

त्यावर मागनं एक म्हातारी कडाडली, "मग आमीच काय घोडं मारलं हुतं?"

*

चारठाण्याला आम्ही जुनी देवळं बघून चहाला थांबलो. सरांना सवयच होती. जिथं टेकतील तिथं चित्र काढून, हा सुरय म्हणून दाखवायचे आणि इकडं ह्याला काय म्हणतात ते विचारायचे. एकानं टिटवी सांगितलं, दुसऱ्यानं बगळा. तिसरा एक जाणता शेतकरी होता. तो म्हणाला, "पाखरू म्हनायचं आन् सोडून द्यायचं. नावानं काय फरक पडतोय, सर?"

हॉटेलातली माणसं एकदम सरांकडं बघायला लागली. तेव्हा नावावरून गावंच्या गावं पेटली होती. वाघमारे सर नामांतरासाठी तुरुंगात जाऊन आलेत, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. त्या माणसाच्याही ध्यानात आलं. तो कपाकडंच बघत बसला.

सरांनी बशीतला चहा संपवला. आवाज अजिबात न चढवता ते म्हणाले, "फरक पडतो, मामा. नावच नसलं, तर उद्या गेल्यावर कोण गेलं म्हणून सांगायचं?"

मग त्या शेतकऱ्यानं चित्र स्वतःकडं ओढून घेतलं आणि म्हणाला, "सांगा पुन्ना. सुरय म्हनलाव न्हवं?"

*

आता धरणावरच्या साहेबांचा किस्सा. धरणाखाली पूर्णेच्या पात्रात सुरयांनी अंडी घातलेली, आणि नदीत पाणी सुटणार अशी बातमी आली. आम्ही तिघं साहेबांकडं गेलो.

साहेब माणूस बरा, पण नियमाचा. "हा पक्षी धोक्यात आहे असं सरकारनं कुठं म्हटलंय का?"

"अजून नाही," सर म्हणाले.

"मग धोक्यात नाही!"

"साहेब, पाणी सुटल्यावर धोक्यात येईल ना!"

साहेब हसले, पण पाणी थांबलं नाही. थांबणार तरी कसं? खालच्या गावांत प्यायला पाणी नव्हतं, आणि हे आम्हालाही कळत होतं. आमच्या डोळ्यांदेखत वाळू बुडाली. पाखरं नुसती त्या पाण्यावर घिरट्या घालत राहिली.

काही दिवसांनी खालिदभाई दुकान तसंच उघडं टाकून पळत माझ्या आरोग्य केंद्रात आले. "सिस्टर! दोबारा! दोबारा अंडे दिये! इस बार ऊपर के टापू पे!" बाहेर बाकावर बसलेल्या बायांना वाटलं, ह्यांच्या कोंबडीचंच काहीतरी झालंय!

पुढच्या उन्हाळ्यात धरणावरचा शिपाई सायकल हाणत सरांच्या घरी आला. दारातूनच म्हणाला, "सायबानं इचारलंय, यंदा पाणी सोडायचं हाय. तुमच्या पाखरांची बाळंतपणं उरकली का?"

*

आणि हे वालूरकडचं. आम्ही दुधनेच्या काठावर करंजाच्या झाडाखाली बसलो होतो. वाळूत पिल्लं नुकतीच अंड्यातून निघालेली. तेवढ्यात बँड ऐकू आला. बघतो तर आख्खं वऱ्हाड नदीत उतरतंय! पुढं बँड, मग नवरदेवाचा ट्रॅक्टर, मागं बैलगाड्या. सडकेनं लांब पडतं म्हणून कोरड्या पात्रातून निघालेले, आणि वाट नेमकी पिल्लांवरून.

सर धावत गेले आणि हात पसरून ट्रॅक्टरपुढं उभे राहिले.

नवरदेवाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत होते, गुलाबी फेटा सावरत खाली उतरले. "कोन हाय हो तुमी? मुहूर्त टळायलाय आमचा!"

"आबा, पुढं वाळूत पिल्लं आहेत. ही पाखरं कमी होत चाललीत. थोडा वळसा घालून जा."

"पाखरासाठी वऱ्हाड वळवू? लोक तोंडात शेन घालतील माझ्या! चल रे, घे म्होरं!"

ट्रॅक्टर हातभर सरकला असेल नसेल, सगळे सुरय एकदम उठले. किंचाळत डोक्यावर झेपावायला लागले. क्लॅरिनेटवाला खाली बसला. ढोलवाल्यानं ढोलच डोक्यावर धरला. आबा तेवढे ताठ उभे, आणि त्यांच्या फेट्यावर वरून पांढरा सडा! खालिदभाई माझ्या कानात पुटपुटले, "सिस्टर, अब मार खाएंगे."

तेवढ्यात नवरदेवाची आई बैलगाडीतून उतरली. चाकापुढं वाळू हलल्यासारखी झाली म्हणून वाकली. वाळूच्याच रंगाचं इवलंसं पिल्लू, मान आत ओढून बसलेलं. तिनं वर बघितलं. सुरय तिच्या डोक्याशी येऊन ओरडत होता. ती जागची हलली नाही.

"वऱ्हाड वळवा," ती म्हणाली.

"अगं, पर मुहूर्त..."

"वळवा म्हनलं ना."

बैल वळले. ट्रॅक्टर वळला. बँडवाल्यानं भीतभीत विचारलं, "मावशी, वाजवू का?"

"गावात गेल्यावर वाजीव. हितं लेकरं हायेत."

आख्खं वऱ्हाड मुक्यानं नदी ओलांडून गेलं. आबांनी आम्हालाही सोडलं नाही. "आता तुमीबी चला! उशीर तुमच्यामुळं झालाय, तिथं शिव्याबी तुमीच खा!"

मंडपात पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता. मुलीचे वडील दारातच लालबुंद होऊन उभे. "पाव्हणं, ही काय येळ झाली यायची? अक्षता घिऊन मानसं ताटकळलीत!"

आम्ही तिघं मागं सरकलो. सगळं वऱ्हाड आबांच्या तोंडाकडं बघत होतं. आबांनी शांतपणे फेटा काढला, त्यावरचे पांढरे ठिपके व्याह्यांच्या समोर धरले आणि म्हणाले,

"तुमच्या राहू द्या. आमाला वाटंतच पडल्या!"