आमदार पाहायला निघालेला

नागपूर आपली राजधानी होती तेव्हाची गोष्ट. गोंदियाहून सुटलेल्या गाडीत बोदलकशाकडचा एक ढिवर, तलावातल्या मासळीवर जगणारा, समोर येऊन बसला.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"विधानसभेत. आमचा आमदार पाहाले जाऊन राहिलो."

त्याच्या गावचा तलाव काढून घेणारा कायदा यायचा होता. आमदारानं विरोधाचा शब्द दिला होता, म्हणून हा मागच्या खेपेला प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसला होता.

"मग?"

त्यानं मान छातीवर टाकली आणि असा घोरला की फळीवरची ट्रंक चार बोटं सरकली. मग स्वतःलाच कोपर मारून दचकला आणि डोळे मिटूनच हात वर केला. डबा हसून आडवा झाला. तो हसला नाही.

"तीन पिढ्यांचा तलाव झोपीत देल्ला ना जी त्यानं! अन् गावात सांगते, वाघावानी लढलो!"

"आता कशाला जाता? तलाव तर गेला," मी म्हटलं.

त्याच्या वर केलेल्या हाताची मूठ झाली.

"आज दुसऱ्या गावच्या तलावाची पाळी आहे. तो झोपला का मी वरूनच बोंबलतो. शिपायानं उचलून फेकलं तरी चालते. पण या खेपी त्याले जागेपणीच हात वर करा लागन."