चौगुले सरांचा मुका वर्ग

चौगुले सरांच्या शर्टाच्या खिशाला कायम दोरा ओवलेली सुई टोचलेली असायची. कुणाचं बटण तुटलेलं दिसलं की त्या पोराला खिडकीपाशी उभं करून सर स्वतः टाके घालायचे. "हलू नकोस, टोचंल," एवढंच म्हणायचे, आणि पोरगं श्वास रोखून उभं राहायचं. आमच्या शिवाजी पेठेतल्या शाळेत छडीला हात न लावता दरारा ठेवणारा हा एकच माणूस.

पेठ आमची कशी, तर इथं माणूस दूध मागतो तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. फुटबॉलचा सामना जिंकला त्या दिवशी तर विचारूच नका. अशा पेठेत सरांच्या सातवीच्या वर्गाचा आवाज म्हणून यायचा नाही. मधल्या सुट्टीनंतर तिथं 'मौन' असायचं. जमिनीवर अंथरलेल्या तरटाच्या पट्ट्यांवर मांडी, हाताची घडी, डोळे मिटलेले. सर सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही.

"मुक्यानं शिकलेलं टिकतंय बघा, मॅडम," ते मला सुनवायचे. शेजारच्या वर्गात माझी पोरं छप्पर डोक्यावर घेत असायची, त्यामुळं मी काय बोलणार, कपाळ? पण खरं सांगते, भिंतीपलीकडची ती शांतता ऐकून मी शिकवता शिकवता थांबायचे. एकदा न राहवून विचारलंच, "सर, एखाद्याला काही झालं तर?"

"काय हुतंय? जरा सोसायला शिकू द्या की!"

पालक मात्र जाम खूश. "आमचं बेनं घरात कुणाला दाद देत न्हाय, तुमच्यासमोर मांजर हुतंय," म्हणत हात जोडायचे. सैन्यात गेलेली पोरं सुट्टीवर आली की सरांच्या पाया पडून जायची. सर त्यांनाही आधी बटणं नीट लावायला सांगायचे.

दिवाळीनंतर शाळा उघडली. सुट्टीभर कोपऱ्यात गुंडाळून पडलेल्या पट्ट्या पोरांनी न झटकताच अंथरल्या. दुपारी मौन सुरू झालं आणि पट्टीखालून श्रावणीला इंगळी डसली. इंगळी म्हणजे लाल विंचू. तिच्या नांगीनं मोठा गडी गडाबडा लोळतो. ही पोर ओठ दाताखाली धरून तशीच बसली.

मी खडू मागायला दारात गेले, तेव्हा सर तिच्याकडेच बघत होते. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. घरचं काही आठवलं असेल, असं त्यांना वाटलं. कौतुकानं म्हणाले, "ऐका रं. श्रावणीला रडू आलंय, तरी पोरगी हलली न्हाय. ह्याला म्हणायची शिस्त."

मी तिचा चेहरा पाहिला आणि किंचाळलेच. ती घामानं निथळत होती, तोंडातून लाळ गळत होती. माझ्या आवाजानं तिनं डोळे उघडले, पण पाहिलं ते सरांकडं.

"बोल," सर म्हणाले.

तेव्हा ती बोलली. "सर, पायाला काय तरी चावलंय." आणि आडवी झाली.

सरांनी तिला खांद्यावर घेतलं आणि अनवाणी रस्त्यावर धावले. दवाखान्यात डॉक्टर खवळले, "इतका वेळ काय करत होता?" सर भिंतीला टेकून उभे राहिले. विष हृदयापर्यंत गेलं होतं. पोर जगते की जाते, अशी रात्र गेली. देवाची कृपा, वाचली.

तिचे वडील सरांना शिव्या घालतील, असं मला वाटलं होतं. घालायलाच हव्या होत्या! त्यांनी सरांचे हात धरले. "काय सोशिक केलीसा हो पोरगी, सर!" सर खाली मान घालून निघून गेले.

श्रावणी शाळेत परत आली त्या दुपारी सरांनी मला वर्गात बोलावून घेतलं.

"आजपासनं मौन बंद," ते पोरांना म्हणाले. "दुखलं तर ओरडायचं. माझा राग आला तर तसं तोंडावर सांगायचं. कळलं न्हवं?"

कुणी हूं की चूं केलं नाही.

"अरं, बोला की!" सरांचा आवाज फाटला. "ओरडा! ओरडा म्हणतोय न्हवं!"

सगळा वर्ग ओरडला. एकाच क्षणी, एकाच सुरात, ताठ बसून, समोर बघत. श्रावणीसुद्धा. सर मटकन खुर्चीत बसले.

"पुरं रं, बाळांनो," ते ओठांतल्या ओठांत पुटपुटले.

आणि वर्ग तत्क्षणी गप्प झाला.