भिकाबाईचा दुसरा स्पर्श

सुदामबद्दल लिहायचं तर आधी त्याचं मशीन समजून घ्यावं लागेल. कंटाळू नका. वर्गात मी तीस वर्षं याहून अवघड शिकवलंय.

२००४ साली हिंगोलीच्या एका कचेरीत बोटानं चालणारं मशीन आलं. मुलींच्या वसतिगृहाच्या जागा त्यावर नोंदवायच्या. गोरेगावजवळच्या तांड्यावरचा सुदाम, माझा विद्यार्थी, त्यावर नेमला गेला. तो सांगायचा, "मॅडम, काचेला बोट कळत न्हाई. ती नुसते दोन आकडे धाडते, आडवं किती अन् उभं किती. आतली यंत्रणा ते रांगेत लावते. आपल्या गोरेगावच्या जीपवाणी. नंबर आला की समोर जी उभी असंल तिच्यात बसायचं."

म्हणजे हात लावताना समोर एक पडदा, आणि त्या स्पर्शाचा नंबर येईतो दुसराच. मशीन मंदावलं की हे हमखास. पडदा बदलला की जुने स्पर्श टाकून द्या, असं त्यानं कंपनीला तीनदा लिहिलं. उत्तर नाही. मग दिवसभर लोकांवर ओरडायचा, "एकदाच लावा!"

शेवटच्या तारखेला त्याच्याच तांड्यावरची भिकाबाई आली. नात शिला दहावी पास झालेली. जागा मिळाली तर अकरावी, नाहीतर लग्न. बापानं स्थळ बघूनच ठेवलं होतं.

"याडी, हितं बोट ठेव. एकदाच." तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"ठेवलं की लेकरा. काहून हालत न्हाई?"

"दम धर."

मशीन अडकलं होतं. सुदाम कागद घ्यायला वाकला. म्हातारीला वाटलं, काम झालं. देवाच्या पायाला लावावा तसा तिनं पडद्याच्या तळाशी हात लावला नि कपाळाला नेला. तेव्हा तिथं एकही बटन नव्हतं. स्पर्श गपचूप रांगेत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं पुढचा पडदा उघडला. वर शिलाचं नाव, तळाशी 'जागा नको'चं बटन. स्पर्शाचा नंबर आला. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

सुदामनं लेखी दिलं की बाईची चूक नाही. कचेरीतला साहेब हसला. "नमस्काराची एवढी हौस, तर औंढ्याला नागनाथाच्या देवळात जायचं. मशीन खोटं बोलत नसतं."

मीही जाऊन भांडले. उपयोग शून्य.

शिलाचं लग्न झालं. सुदामनं नोकरी सोडली. मी चिडले, "तुझी काय चूक रे?"

"मला रांग ठाऊक व्हती, मॅडम. तिला न्हाई."



त्यानं भिकाबाईला आकडे, रांग, जीप, सगळं समजावलं. तिचं एकच, "माझाच हात वंगाळ." महाशिवरात्रीला तो तिला औंढ्याला घेऊन गेला. लोक पायरीला हात लावून आत जात होते. ती हात पदरात गुंडाळून थांबली. मागून माणसं ढकलत होती.

"लाव की, याडी."

"नको लेकरा. पोरीचं कसंबसं चाललंय. आणिक काही पुसलं गेलं तर?"