टाकीत एकच मासा

वरच्या मजल्यावरचा बँकवाला बदली होऊन गेला आणि जाताना त्याची दोन फुटी काचेची टाकी माझ्या गळ्यात मारून गेला. "काका, तुमच्याकडे जागा आहे," म्हणाला. जागा होतीच. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं, मुलगी नाशिकला होती, आणि दोन खोल्यांच्या घरात एकटा माणूस अडवून अडवून किती जागा अडवणार? दोन महिने मी त्या टाकीत जुने पेपर रचून ठेवले. रद्दीवाला म्हणाला, "साहब, रद्दी का शोकेस पहली बार देखा." तेव्हा मला लाज वाटली आणि मासे आणायचं ठरलं.

पण लाज हे काही खरं कारण नव्हतं. निवृत्त झाल्यावर कागद कारखान्याच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही बुऱ्हाणपूरला आलो ते दोघांनी मिळून राहायला. आता दार उघडून आत आलो तरी घरात कशातच फरक पडत नसे. भाजी घेऊन आलो तरी तेच घर, रिकाम्या हातानं आलो तरी तेच. मी आलोय हे कुणाला तरी कळावं, एवढंच मला हवं होतं. माणूस कुठून आणणार? कुत्र्याची मला पहिल्यापासून भीती.

इतवारा बाजारात बांगड्यांच्या दुकानाला लागून शोभेच्या माशांचं एक दुकान आहे. मालक चाळिशीचा, बोलका, आणि गिऱ्हाइकाला मासा विकण्यापेक्षा त्याची हजेरी घेण्यात त्याला जास्त रस. टाकी केवढी, घरात ऊन कुठून येतं, नळ रोज येतो की एक दिवसाआड, सगळं विचारून झाल्यावर त्यानं मला एकेका काचेपुढे उभं केलं.

डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबणारा एक मासा मला फार आवडला.

"तो नका नेऊ काका," तो म्हणाला. "त्याला दिसत नाही बराबर. दाणा टाकला की सगळ्यात शेवटी पोचतो बिचारा. नि दगडाला घासली की पिशवी फुटली समजा."

डोक्यावर लाल टोपी चढवल्यासारखा दुसरा होता. तो म्हणे फार वाढतो, आणि पाणी जरा बिघडलं की आधी त्याची टोपीच सडते. लांब सडपातळ अंगाचे, एका शेपटीचे मासे स्वस्त होते, चपळ होते, पण त्यांना पळायला तलाव लागतो. असं करत करत तो दुहेरी शेपटीच्या, पोट सुटलेल्या नारंगी माशांपाशी थांबला. त्यांना फॅनटेल म्हणतात. "हा धरा. साधा आहे, मजबूत आहे. तुमच्यासारख्या नवीन माणसाच्या चुका सहन करून घेतो."

"किती नेऊ?"

"दोन फुटाची टंकी म्हणजे एक आरामात राहीन. दोन म्हणजे हद्द, पानी जास्त बदलावं लागीन. पर जोडी असली तर त्यायले बी बरं वाटते."

मी एकच मागितला. टाकी लहान आहे, उगाच गर्दी कशाला, असं मी त्याला सांगितलं, आणि त्यालाही ते पटलं. खरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दोन नेले असते तर ते एकमेकांकडे बघत बसले असते. मग माझ्याकडे कोण बघणार? म्हणून मी एक नेला, आणि तोही काचेजवळ पहिल्यांदा जो आला तो.

आठवडाभरात तो मला ओळखायला लागला. निदान मी तरी तसं धरून चाललो. मी दार उघडलं की तो काचेशी यायचा आणि तोंड उघडझाप करायचा. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याच्याशी बोलायचो. आज घाटावर केवढी गर्दी, पेन्शनच्या रांगेत कोण कुणाशी भांडलं, मागच्या गल्लीतले यंत्रमाग आज बंद का. गावात बहुतेक हिंदीच चालते, त्यामुळे दिवसभरात मराठीतून बोलणं होई ते एवढंच. लाइट गेली की आधी मागांची खडखड थांबायची आणि मग टाकीतला पंप. त्या वेळी मी वाटीनं पाणी वर उचलून परत टाकीत सोडत बसायचो, म्हणजे त्याला हवा मिळावी. शेजारीण एकदा दारातून बघून तशीच परत गेली.

मुलीला मी फोनवर सांगितलं, "मला ओळखतो तो."

"बाबा, त्याला भूक लागली असेल."

मी काहीतरी निमित्त काढून फोन ठेवला. मला राग आला होता.

आता माझी चूक सांगतो. कारखान्यात माझी नोकरी लगदा धुण्याच्या आणि पांढरा करण्याच्या खात्यात. तपकिरी लगदा यायचा आणि तो पांढरा होऊन पुढे जायला हवा, एवढंच आमचं आयुष्य. कागदावर एक काळा ठिपका दिसला की वरून बोलणी बसायची. अशा माणसाच्या टाकीत पंपाला लावलेला, पाणी गाळणारा स्पंज दोन आठवड्यांत तपकिरी, बुळबुळीत झाला. तो बघून मला घासच जाईना. मी स्पंज काढला, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवला, वास जाईपर्यंत पाच पाण्यांतून काढला आणि दोरीवर उन्हात वाळत घातला. नव्यासारखा निघाला. मग दर चार दिवसांनी हा सोहळा सुरू झाला. अडीच महिने झाला. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसायचं आणि मी स्वतःवर खूश होतो.

मासा मात्र सुस्तावत गेला. आधी त्यानं दाणे खायचं सोडलं, मग पाण्याच्या वर तोंड काढून राहायला लागला. एका सकाळी त्याच्या शेपटीत लाल रेघा दिसल्या. मी आलो तरी तो काचेशी आला नाही. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकीतलंच पाणी घेऊन त्यात त्याला घातलं, स्पंजही बरोबर घेतला आणि रिक्षा करून इतवाऱ्यात गेलो. रिक्षा खड्ड्यात आदळली की मी डबा छातीशी धरायचो.

दुकानदारानं आधी मासा बघितला, मग स्पंज. स्पंज त्यानं उलटसुलट केला, नाकाशी नेला.

"काका, इतका पांढरा तर मी नवा बी विकत नाही. काय केलं काय तुम्ही?"

मी अभिमानानंच सांगितलं. तो ऐकत राहिला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"अहो, ती घाण नव्हती. माशाच्या घाणीचं जे जहर बनते ना, ते खाणारे बारीक जीव त्याच्यात राहतात. टाकीच्या पान्यात एकदा पिळून घ्यायचा असतो बस. तुम्ही दर बार सगळ्यायले मारून टाकलं. हा त्या जहरातच राहत होता."

चाळीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला हे इतवाऱ्यात उभं राहून ऐकावं लागलं. त्यानं आपल्या टाकीतला एक तपकिरी, घाणेरडा स्पंज पिशवीत भरून मला दिला, घरी लावून पंप चालू ठेवा म्हणाला, आणि मासा आठ-दहा दिवसांसाठी ठेवून घेतला. "वाचला तर फोन करतो."

ते दिवस फार वाईट गेले. रिकाम्या टाकीत पंप बुडबुडे सोडत होता. दार उघडल्यावर माझं तोंड सवयीनं तिकडे वळायचं, आणि शब्द तोंडात यायचे, आणि समोर नुसतं पाणी. बायको गेल्यावरही मी इतका रडलो नव्हतो, तेव्हा घरात माणसं होती, त्यांच्यासमोर सावरून घ्यावं लागलं. या वेळी सावरायला कुणी बघत नव्हतं. एका दुपारी मी टाकीपुढे खुर्ची टाकून मनसोक्त रडलो आणि ते माशासाठी होतं असं मी म्हणणार नाही.

नवव्या दिवशी फोन आला. मासा वाचला होता. तीन दिवस वेगळा ठेवून मग दुकानदारानं त्याला त्याच्या जातीच्या माशांत सोडलं होतं. मी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून गेलो, हे सांगायला आता हरकत नाही.

काचेपुढे गेलो आणि घरी करायचो तसं बोट टेकवलं. एक नारंगी फॅनटेल झपकन पुढे आला, तोंडाची उघडझाप करत. मी म्हणालो, "बघा, ओळखलं त्यानं." तेवढ्यात त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला, सहाच्या सहा काचेशी गोळा होऊन माझ्या बोटाकडे तोंडं उघडू लागले.

दुकानदारानं जाळी हातात घेतली होती. "काढू ना? दाखवा."

मी दाखवला, जो पहिला आला होता तो.

"तो नाही काका," तो सहज म्हणाला, "तो तर माझ्याजवळचा जुना आहे. तुमचा हा, मागचा." आणि त्यानं कोपऱ्यातल्या एकाला जाळीत घेतलं.

रिक्षात मांडीवर पिशवी धरून बसलो तेव्हा मला निवृत्तीचे कागद आठवले. त्यांत बायकोची माहिती भरायची होती, आणि एका रकान्यात लिहिलं होतं, ओळखीची खूण. मी पेन धरून बराच वेळ बसलो आणि शेवटी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं, तुझी ओळखीची खूण काय?" ती पदराला हात पुसत बाहेर आली. आधी हसली. मग हसायची थांबली, उजवा कोपर माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "हा भाजल्याचा डाग. लग्नाच्या पहिल्या वर्षीचा आहे." मी ते लिहून घेतलं आणि चहा मागितला.

रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा मी पिशवी उजेडात धरली. तीन महिने तो माझ्याकडे बघतो की नाही एवढंच मी बघत आलो होतो. आता त्याला बघितलं. शेपटीच्या डाव्या पाकळीला खाली एक बारीक चीर होती. ती पहिल्यापासून होती की आजारात पडली, हे मला सांगता आलं नाही.