खारूनच्या पाण्यातलं मीठ

रायपूरपासून समुद्र रात्रभराच्या गाडीवर आहे. तरी माझ्या हातून एका मुलीवर जो अन्याय झाला, तो समुद्राच्या पाण्यावरूनच झाला.

मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळा हिंदी माध्यमाची, पण ती मुलगी घरची मराठी. वडील मूळचे वर्ध्याकडचे, इथल्या भनपुरी भागातून ट्रक चालवणारे. वर्गात ती सगळ्यांसारखी हिंदी बोलायची. माझ्याशी एकटी असली की मात्र आमच्या विदर्भाच्या वळणाची मराठी. नववीत होती. आवाज हळू, पण एखादा प्रश्न मनात शिरला की तो सुटेपर्यंत तिला चैन पडत नसे.

आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतला, ‘समुद्र खारट का?’ तिचे वडील माल घेऊन विशाखापट्टणमला जात. तिच्या सांगण्यावरून त्यांनी तिथल्या किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून आणलं होतं. ते तिनं घरी गॅसवर आटवलं आणि पांढऱ्याशुभ्र मिठाची वाटी मला आणून दाखवली. मी खूश झाले. नद्या खडकांतलं मीठ विरघळवून समुद्रात नेतात, सूर्य पाण्याची वाफ करतो, मीठ मागे राहतं, असं मी तिला चार्टवर लिहायला सांगितलं. एकोणीस वर्षं मी हेच शिकवत आले होते.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत आली. हातात दुसरी वाटी होती. तळाशी मळकट पांढरी खरवड.

“मॅडम, हे आपल्या खारून नदीचं हाये. बाबासोबत शहराच्या वर जाऊन बादलीभर पाणी आणलं. तीन दिवस आटवून राहिली होती मी.”

“बरं मग?”

“हे खारट काहून नाही लागत? मीठ तर समुद्रात नदीच नेते ना? अन् यावर लिंबू पिळलं तर फेस येते. मिठावर नाही येत.”

तिनं माझ्यासमोर लिंबू पिळून दाखवलं. बारीक बुडबुडे आले. तो चुना होता, एवढं कळण्याइतकं रसायनशास्त्र मला येत होतं. पण नदी चुना नेते, तर समुद्रात मीठ कसं, याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मला तो प्रश्न पडलाच नव्हता. मुलांनी चहूकडे गोंधळ घातला होता, चार्ट रंगवून झाला होता, आणि ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघेनात.

“तुझं भांडं स्वच्छ नसेल,” मी म्हटलं. “भांड्याच्या बुडाला आधीचा क्षार बसलेला असतो, तोच आलाय. हे टाकून दे. चार्टवर आहे तेच बोल. नदीत तेच मीठ असतं, फक्त थोडं.”

“पण मॅडम, मी...”

“सांगितलं ना? टाकून दे.”

तिनं वाटी उचलली आणि गेली.

प्रदर्शनात मी तिच्या टेबलाशेजारीच उभी होते. परीक्षक म्हणून एका कॉलेजातले वयस्कर प्राध्यापक आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मिठाची वाटी हातात घेऊन पाहिली, आणि विचारलं, “बेटा, नदी का पानी भी आपने ख़ुद उबाला था?”

“जी सर.”

“उसमें से क्या निकला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मी तेव्हा बोलू शकले असते. मी चार्टकडे पाहत राहिले.

“नमक, सर,” ती म्हणाली.

“यानी आपने नहीं उबाला.” ते रागावले नाहीत. नदीचं पाणी आटवलं की मुख्यतः चुना मिळतो, असं त्यांनी तिला नीट समजावलं. प्रयोग स्वतः करावा, इकडून-तिकडून उतरवू नये, असंही म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

तीन दिवस गॅसपाशी बसलेली पोरगी माझ्या देखत नक्कल करणारी ठरली. आणि मी काय केलं? चार्टच्या सुटलेल्या कोपऱ्याला टेप लावली.

परतताना आम्ही एकाच ऑटोत होतो. ती रडली नाही. शाळेजवळ उतरताना फक्त म्हणाली, “मॅडम, भांडं साफ होतं. मी आईचं नवीन पातेलं घेतलं होतं.”

त्या आठवड्यात मी वाचायला बसले. उत्तर अवघड नव्हतं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, त्यानं पाणी किंचित आंबट होतं आणि खडक झिजवतं. नदी त्यातून भरपूर चुना आणि मिठातलं थोडं सोडियम घेऊन जाते. समुद्रात गेल्यावर शंख, शिंपले, पोवळी आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तो चुना उचलून आपली कवचं बांधतात. ते मेले की कवचं तळाशी बसतात. सोडियमला असं गिऱ्हाईक जवळजवळ नाही. ते कोट्यवधी वर्षं पाण्यात साठत राहतं. म्हणजे समुद्राचं पाणी हे नदीचं आटवलेलं पाणी नव्हेच. तिच्या दोन वाट्यांमधला फरक हाच तर सगळा विषय होता, आणि मी त्यातली एक वाटी फेकायला लावली होती.

सोमवारी वर्गात सांगू, असं ठरवलं. सोमवारी युनिट टेस्ट निघाली. मग अभ्यासक्रम मागे पडला. मग दहावीचं वर्ष. खरं कारण मला माहीत होतं: सगळ्या वर्गासमोर चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती. दहावीचं अख्खं वर्ष ती तिसऱ्या बाकावर बसली. विचारलं की अचूक उत्तर द्यायची. स्वतःहून मात्र तिनं एकदाही हात वर केला नाही.

अकरावीच्या प्रवेशाचे फॉर्म तपासताना तिचा फॉर्म समोर आला. कॉमर्स. विज्ञानात ब्याण्णव गुण आणि कॉमर्स. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले.

तिची आई दार उघडून घाबरलीच. “काहून मॅडम, पोट्टीनं काही केलं काय?”

“तिनं नाही. मी केलंय,” मी म्हटलं, आणि चहा येण्याआधी सगळं सांगून टाकलं. आईवडील दोघंही होते. वडील खाली पाहत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “आमाले ती एवढंच बोलली होती का नंबर नाही आला.”

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“मला माहीत होतं मॅडम,” ती म्हणाली. “तो चुनाच होता. मी पुस्तकात पाहिलं होतं.”

“मग त्या परीक्षकांना सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही बाजूलेच उभ्या होत्या ना.”

मी कॉमर्सबद्दल विचारलं. “ते तुमच्यामुळे नाही घेतलं,” ती चटकन म्हणाली. इतकी चटकन, की तिनं हे उत्तर आधीच तयार ठेवलं होतं असं मला वाटलं. वडील म्हणाले, “विज्ञान घे म्हटलं मी. नाही म्हणे.”

त्या प्राध्यापकांना मी पत्र लिहिलं. प्रयोग तिनं केला होता, निष्कर्ष बरोबर होता, तो बदलायला मी लावला, असं स्पष्ट लिहिलं. ते पोचलं की नाही, कळलं नाही. उत्तर आलं नाही. तिला पत्राची प्रत नेऊन दिली, तेव्हा तिनं ती वाचली, घडी घातली आणि “ठीक हाये मॅडम,” म्हणाली.

आता नववीला हा धडा घेते तेव्हा खारूनचं पाणी वर्गातच आटवायला ठेवते आणि तो प्रश्न कुणी विचारला होता, मी काय सांगितलं होतं, हेही मुलांना सांगते. मुलं हसतात. एकदा एकानं विचारलं, “मैम, फिर वो दीदी साइंटिस्ट बनी?”

ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी मुलांना तेच सांगितलं, आणि फळा पुसायला वळले.